डोंगराची इर्जिक

माझं नाव ठकूबाई. पुढचं काय ल्हायचं ते ल्ह्या, न्हाई ल्हिलं तरी चालतंय, ह्या वाडीत ठकू एकच हाय. जन्म माझा धरणाच्या पल्याड, मुळशीच्या पान्याच्या त्या अंगाला, तितं आमच्या बाचं भाताचं खाचर व्हतं, दोन म्हशी व्हत्या आन् पोरी पाच व्हत्या, म्हंजे धन म्हनायचं तर पोरींचंच. मी चौथी. शाळा दुसरीपत्तुर. मास्तर चांगला व्हता, पन पावसाळ्यात वढा भरला की शाळा बंद, आन् आमच्याकडला पावसाळा काय चार दिसांचा असतो व्हय, दिवाळी तोंडावर आली तरी पाय सुकत न्हाईत. लगीन झालं आन् हितं आले, पौड रस्ता सोडून वर चढायचं, ह्या वाडीत. तवा गाडीरस्ता न्हवता. आता माझ्या दारातनं खाली बघितलं की भुकूमच्या, भूगावच्या बिल्डिंगी दिसत्यात, पांढऱ्या पांढऱ्या, मोजाय गेलं की चुकतं. सून माझी रेखा, ती तिकडंच फ्लाटात कामाला जाते. मुलगा टेंपोवर हाय. नवरा जाऊन लई वर्सं झाली, त्येचं सांगत बसले तर तुमचा फोन भरंल.

डोंगराचं इचारत व्हता न्हवं ताई तुमी. तर वाडीच्या डोक्यावर वाघजाईचं रान हाय. तुमी देवराई म्हनता, आमी आईचं रान म्हनतो. त्यात हिरडा, जांभूळ, आंबा, जुनी जुनी झाडं, त्यांना कुऱ्हाड लावायची न्हाई, वाळकी काटकी सुदीक घरच्या चुलीत घालायची न्हाई. आन् त्या रानाच्या पायथ्याला झरा. वाडीला पानी त्येच. आता नळ हायेत, टाकी हाय, समदं हाय, पन टाकीत येतं ते झऱ्याचंच. रानाच्या वरल्या अंगाला निस्तं गवत, मानसाच्या छातीएवढं वाढतं, दिवाळी झाली की वाळाय लागतं, आन् मग एक काडी पुरं. कुनी इडी टाकतं, कुनी पुढच्या साली गवत चांगलं येतं म्हनून मुद्दाम लावतं, खाली प्लाट साफ करनारं तर कायम लावत्यात. वनवा वरनं आला की आईच्या रानात घुसतो. आन् रान जळलं की त्या साली झरा चैतातच आटतो. हे आमाला कुनी सांगाय लागत न्हाई, आमी हंडं वाहिल्यात.

म्हनून जाळपट्टा काढायचा असतो. म्हंजे काय सांगू तुमाला, डोंगराच्या अंगावर आडवा लांबच लांब पट्टा धरायचा, सात-आठ पावलं रुंद, त्यातलं गवत इळ्यानं कापायचं, आन् सकाळच्या पारी दव असताना, वारा नसताना, ते कापलेलं तितल्या तितं जाळून टाकायचं. मग वरनं आग आली तरी त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरती. हे काम वनखात्याचं. मी त्येंच्याकडं रोजावर व्हते, वीस वर्सं तरी असंल, पौष आला की गार्डसायेब यायचं, कागदावर नावं घ्यायचं, आन् आमी दहा-बारा बायामानसं पट्ट्यावर. उनानं टाळकं तापायचं, पन रोज मिळायचा.

मग एका साली गार्डसायेब आलं ते हजेरीचा कागदच आनला न्हाई. बसलं, पानी प्यालं, दुसऱ्यांदा प्यालं. मी म्हनलं, काय सायेब, नावं घ्या. तर म्हनलं ठकूबाई, औंदा वरनं पैसा आला न्हाई, येनार बी न्हाई वाटतं, तुमी गावकऱ्यांनी श्रमदान करा. मानूस वाईट न्हवता, मान खाली घालून सांगितलं बिचाऱ्यानं. पन मी बघितलंय, सरकारचा पैसा सरला की सरकारला श्रमदान आठवतं. पैसा असताना कुनी दान मागाय येत न्हाई.

आता फुकाट कोन येनार? श्रमदान म्हनलं की मानूस फोटोपुरतं येतं. मंग मला इर्जिकीचं सुचलं. इर्जिक ठावं हाय का तुमाला? कुनाची लावनी मागं पडली, कुनाचा बांध फुटला, तर तो घरोघर सांगून येतो, उद्या माझी इर्जिक हाय. समदी वाडी त्येच्या रानात उतरते, रोज घ्यायचा न्हाई, पन ज्येचं रान त्येनं जेवान द्यायचं. जेवला की तू बांधला गेला, उद्या दुसऱ्यानं हाक मारली की जायचं. माझ्या सासूच्या वख्ताला बोकड कापायचं, आता डाळ-भातावर भागतं. मी म्हनलं, डोंगराची इर्जिक घालू.

पन आबांनी पेच टाकला. आबा म्हंजे माझं थोरलं दीर, वाडीत सगळ्यात वयस्कर, बोलनं तोडून टाकल्यासारखं. आबा म्हनलं, इर्जिक घाल, पन जेवान कुनाचं? ज्येचं रान त्येचं जेवान. डोंगर सरकारचा हाय, मग सरकारला सांग डेग चढवाय. समदी हसली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आन् म्हनलं, रान वाघजाईचं हाय, जेवान तिचंच. घरटी एक मूठ तांदूळ आईच्या नावानं काढायचं, आईच्या पायाशी शिजवायचं, आन् आईनं वाढलं म्हनून खायचं. आबा गप बसलं. गप बसलं म्हंजे व्हय म्हनलं, एवढं त्येंचं मला कळतं. चार वर्सं आमी असा पट्टा काढला. दोन आयतवार लागायचं, एक उगवतीच्या अंगाला, एक मावळतीच्या. एकदा बी आग रानात शिरली न्हाई.

आता माझी चूक सांगते. ती सांगायलाच बसले हाय.

खाली भुकूमच्या एका सोसायटीत मनीषाताई म्हनून हायेत, नांदेडकडल्या, कंपुटरच्या हापिसात दोघं नवराबायको. रेखा त्येंच्यात कामाला. आयतवारी डोंगर चढाय यायची ती मंडळी, बूट घालून. चढून वर काय करायची, तर परत उतरायची. पन मानसं चांगली, लाघवी. मनीषाताई माझ्या दारात बसायच्या, चहा घ्यायच्या, काकू म्हनायच्या. त्येंनी पट्ट्याचं ऐकलं आन् म्हनल्या, सरकार पैसा देत न्हाई तर आमी मदत करतो, आमाला बी हा डोंगर हवाय. मी म्हनलं या की. तर गेल्या साली पौषात आल्या, बारा-तेरा मानसं, हातमोजं, टोप्या, पाला उडवायचं एक मशीन आनलं पाठीला अडकवायचं, लई आवाज करतं पन काम करतं. आन् मनीषाताई म्हनल्या, काकू तुमी ह्या वयात डेग कशाला चढवता, जेवनाचं आमच्याकडं लागलं.

आन् मी व्हय म्हनलं. गुडघं दुखत व्हतं माझं, घरोघर मूठ मागत फिरायचा कटाळा आला व्हता, खोटं कशाला बोलू. म्हनलं एक दिस आराम. दुपारी हाटेलातनं डबं आलं, पुलाव, गुलाबजाम, डब्यावर सोसायटीच्या नावाचा कागद चिकटवलेला. समदी जेवली. आबा बी जेवलं. कुनी काय बोललं न्हाई. आमच्यात बोलत न्हाईत, ताई, आमच्यात येत न्हाईत.

दुसऱ्या आयतवारी मावळतीचा पट्टा काढायचा व्हता. मी इळा घिऊन गेले तर वाडीतलं एक मानूस न्हाई. सोसायटीची आठ जनं आन् मी. मी मागं फिरले, घरोघर गेले. कुनाची कंबर धरलेली, कुनाकडं पाव्हनं, कुनाची म्हस व्यायला झालेली, एका दिसात सगळ्या वाडीच्या म्हशी व्यायला झाल्या. शेवटी आबांच्या दारात गेले. आबा सुतळी वळत बसलेलं. मान वर केली न्हाई. म्हनलं,

डोंगर इकलास तर सांगून तरी इकायचा.

मला कळंना. मी म्हनलं आबा, मी काय इकनार, डोंगर काय माझा हाय? तर म्हनलं ज्येचं जेवान त्येचं रान. समद्या वाडीला त्येंच्या ताटावर बसवलंस, आता रान त्येंचं झालं, आमी त्येंचं गडी. खाली बघ जरा, पांढरं दगड कुटपत्तुर चढल्यात. आन् सुनंला त्येंच्यातच काम मिळालंय, ते बी दिसतंय आमाला.

पांढरं दगड म्हंजे प्लाटवाल्यांचं, हद्दीचं. खरंच चढत व्हतं, दर साली थोडं वर. त्येचा आन् मनीषाताईचा काय संबंद न्हवता, त्या बाईचं सोताचंच घर हप्त्यावर. पन आबांचं बी खोटं न्हवतं. ह्या मुळशीत जमिनी कशा गेल्या मी बघितल्यात. पयलं कुनीतरी जेवू घालतं. मला हे कळाय पायजे व्हतं, इर्जिक मीच घातली व्हती, त्येचा कायदा मला ठावं व्हता, आन् मी गुलाबजामापायी इसरले. लई लागलं मला ते. इकलं म्हनलेलं.

आनखी एक. जाऊबाई गेल्यापासून आबांचं ताट माझ्या घरनं जातं, दोन्ही वख्ताला. त्येंचा मुलगा पिंपरीला कंपनीत हाय, सनावाराला येतो. तर त्या दिशी सांजंला ताट धाडलं ते तसंच झाकलेलं माझ्या उंबऱ्यावर परत आलं. दुसऱ्या दिशी बी परत. तिसऱ्या दिशी मी धाडलंच न्हाई. आबा सोताच भात शिजवाय लागलं, करपल्याचा वास माझ्या वसरीपत्तुर यायचा. मी बसून त्यो वास घ्यायची. दुसरं काय करनार.

मावळतीचा पट्टा आमी नऊ जनांनी निम्मा काढला, मधल्या कातळापत्तुर. मग मशीनचं तेल सरलं, ऊन झालं, ती मंडळी म्हनली पुढच्या आयतवारी, आन् पुढच्या आयतवारी त्येंच्या हापिसाचं काय तरी निघालं. निम्मा पट्टा म्हंजे ताई, एका भिताडाचं घर.

शिमग्याच्या आदी चार दिस, भर दुपारी, मी कोंबड्यांना दानं टाकत व्हते, वर बघितलं तर धूर. मावळतीकडनंच. प्लाटाकडनं लागली आन् गवतानं वर चढून आली म्हनत्यात, कुनी लावली ते आजून ठावं न्हाई. मी हाक मारली. आन् वाडी आली बरं का, तवा कुनी इचारलं न्हाई डोंगर कुनाचा, वल्लं डहाळं तोडून समदी पळाली, आबा बी, त्या वयात, धोतर खोचून. आग झोडपून इझवायची असते, पान्यानं न्हाई, पानी कुटनं आननार. कातळाच्या अलीकडं पट्टा व्हता तितं आग थांबली, गप बसली. पलीकडनं मातुर शिरली. आईचं निम्मं रान गेलं. मूर्ती ऱ्हायली. जांभळी गेल्या, हिरडं गेलं, एक आंबा व्हता माझ्या सासूच्या सासूनं बी जुनाच बघितलेला, त्यो तीन दिस आतनं जळत ऱ्हायला. मानसं वाचली, कुनाच्या हातापायाला भाजलं तेवढंच. आबांच्या भुवया जळल्या व्हत्या. माझ्या म्होरनं तसंच पुढं गेलं.

झरा चैतात आटला. टँकर आला, आठवड्यातनं दोनदा.

मनीषाताई दुसऱ्या दिशीच आल्या. रडल्या. म्हनल्या काकू आमचं काय चुकलं. मी म्हनलं तुमी जेवान दिलंत. त्येंना वाटलं अन्न खराब व्हतं. मग मी बसवून समदं सांगितलं, जसं तुमाला सांगितलं तसं. मग म्हनल्या, म्हंजे आमी मदतच करायची न्हाई का? मी म्हनलं करा की, पन आमच्यात उलटं असतं. आदी दुसऱ्याच्या रानात राबायचं, त्येच्या घरचं जेवायचं, मग तुमी इर्जिकीच्या पाळीतलं. जेवू घालनारा मालक, आन् जेवनारा आपला. तुमी पयल्याच दिशी मालक झालात.

आषाढात लावनी आली. आबांचं खाचर तयार, रोप बी तयार, आन् हाताला मानूस न्हाई. रोजावर मानूस मिळंना, मुलाला सुट्टी मिळंना. रोप वाढून चाललं, आठ दिसात लावलं न्हाई तर गेलंच. मी मनीषाताईला निरोप धाडला रेखाकडनं, आयतवारी या, बूट घालू नका. मी मुद्दाम केलं असं वाडीत म्हनत्यात. म्हनू द्या.

अकरा जनं आली, भर पावसात, प्लास्टिकच्या कोटात. थेट आबांच्या बांधावर उभी ऱ्हायली. मनीषाताई म्हनल्या, आबा, लावनीला आलोय. आबांनी वर बघितलं, खाली बघितलं, रोपाकडं बघितलं. दारात इर्जिकीला आलेलं मानूस परत धाडायचं म्हंजे घराण्याला बट्टा, ते काय आबांकडनं व्हनार न्हवतं. चिखलाकडं हात केला, एवढंच. मग काय इचारता, एक सायेब पयल्याच पावलाला बसला चिखलात, एकाचा चष्मा गेला तो गेलाच, आन् लावनी अशी वाकडी की वरनं बघितलं तर साप गेल्यासारखी. आबा मागनं फिरून फिरून सरळ करत व्हतं आन् शिव्या देत व्हतं, पन बारक्या आवाजात. बघून बघून वाडीतली बी चार मानसं उतरली. बघनाराला बी लाज वाटतीच की.

अकरा वाजाय आलं आन् मी माझ्या चुलीपाशी बसलेली. मला ठावं व्हतं. ज्येचं रान त्येचं जेवान, आन् आबांच्या घरात बाईमानूस न्हाई, त्येंना सोताचा एक भात धड शिजवता येईना, पंधरा मानसांचं कसं करनार. पायावर पानी वतल्याचा आवाज आला, आबा माझ्या दारात, चिखलानं माखलेलं. सहा म्हयन्यांनी माझ्या उंबऱ्याशी आलेलं. तांदळाचं पोतं खांद्यावर व्हतं, त्येंच्याच घरचं. ते वसरीवर ठिवलं. म्हनलं, पंधरा मानसं हायेत, डाळीत मीठ बेतानं टाक, तुझा हात सढळ हाय.

मी म्हनलं बरं. एवढंच बोललो आमी. मग भिताडाकडं तोंड केलं आन् रडून घेतलं, डाळ फोडनीला टाकली, ठसका लागला म्हनायला सोय झाली.

त्या दिशी सोसायटीची मानसं आबांच्या वसरीवर मांडी घालून जेवली. आन् ती बांधली गेली. ह्या साली पौष आला तवा मी मूठ मागाय निघाले, वाडीची घरं झाली, तर आबा म्हनलं त्या बिल्डिंगीत कोन जानार. रेखा गेली. ज्या घरातली मानसं लावनीला आलती त्या घरांतनं एकेक मूठ घिऊन आली, कुनाचा बासमती, कुनाचा कोलम, कुनाचा कसला लांबडा, समदा एकात शिजला, गिचका झाला निस्ता, पन आईच्या पायाशी शिजला. मशीनचं तेल त्येंनी आनलं, ते मी आनू दिलं, तेल काय कुनी खात न्हाई. दोन्ही अंगांचा पट्टा निघाला औंदा, कातळाच्या पल्याडचा बी.

गार्डसायेब आलतं बघायला. म्हनलं छान काम केलं, वरती कळवतो, पैसा आला तर बघू. बघा म्हनलं. आला तर उन्हाळाभर राखनीला दोन मानसं ठिवा, पट्ट्याला नगं. दोघांना रोज दिला की बाकीची घरी बसत्यात. सायेब हसलं. हसायचं काय त्यात मला कळलं न्हाई.

आता जळलेलं रान काय माझ्या डोळ्यादेखत वाढत न्हाई, त्येला दोन पिढ्या लागतील. झरा औंदा पावसानंतर आलाय, पन धार बारीक हाय, वैशाखापत्तुर टिकंल का ते आईला ठावं. मनीषाताईच्या नवऱ्याची बदली व्हनार म्हनत्यात, मग त्या घरात कोन येतंय, ते मूठ देतंय का न्हाई, कुनी सांगावं. पांढरं दगड बी आनखी दोन वर आल्यात. आपल्या हातात जेवढं हाय तेवढं करायचं, बाकीचं ज्येच्या त्येच्या करमाचं. तुमी भली मानसं, येवढं ऐकत बसलात, सुखी ऱ्हावा.

बंद करा आता ते. दिस कलला, आबांचं ताट न्यायचं हाय. उशीर झाला की बोलत न्हाईत, दारात येऊन उभं ऱ्हात्यात निस्तं.